दुक्ममधली गुरुवारची रात्र : बसायला कुठे जावे आणि कसे निवडावे?



दुक्मला नव्याने बदली झालेल्या माणसाचा आम्हाला फोन आला की पहिले तीन प्रश्न ठरलेले असतात. मुलांची शाळा कुठे? भाजी ताजी मिळते का? आणि मग आवाज थोडा खाली आणून, "तिकडे बसायची सोय काय हो?"

या तिसऱ्या प्रश्नाला फोनवर दोन वाक्यांत उत्तर देता येत नाही. म्हणून म्हटले, एकदा सविस्तर लिहूनच टाकावे. जे घेत नाहीत त्यांनीही हा लेख जरूर वाचावा, कारण रात्री सगळ्यांना घरी सुखरूप आणायची जबाबदारी बहुतेक वेळा त्यांच्यावरच येते! आणि "प्या" किंवा "पिऊ नका" असे सांगायचा आमचा अधिकार नाही, तसा हेतूही नाही. जाणारच असाल तर डोळे उघडे ठेवून जा, एवढेच म्हणणे आहे.

आधी गावाची ओळख

दुक्म म्हणजे मुंबई नव्हे, पणजी नव्हे आणि दुबई तर नव्हेच. अल् वुस्ता प्रांतातले हे किनाऱ्यावरचे गाव मस्कतपासून साधारण साडेपाचशे किलोमीटरवर आहे. पूर्वी मासेमारी करणारी थोडी वस्ती आणि मागे पसरलेले माळरान, एवढेच इथे होते. २०११ मध्ये इथे विशेष आर्थिक क्षेत्राचे प्राधिकरण स्थापन झाले. बंदर झाले. जहाजदुरुस्तीची गोदी झाली, तिच्यात प्रत्येकी ४१० मीटर लांबीचे दोन कोरडे डॉक आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये दिवसाला दोन लाख तीस हजार पिंपे तेल शुद्ध करू शकणाऱ्या रिफायनरीचे औपचारिक उद्घाटन झाले. या सगळ्याबरोबर आपली माणसेही आली. वेल्डिंग इन्स्पेक्टर, सेफ्टी ऑफिसर, स्टोअरकीपर, अकाउंटंट, आणि त्यांच्यामागून काहींची कुटुंबे.

इथल्या रात्रीच्या करमणुकीचा इतिहास मात्र मजेशीर आहे. किनाऱ्यावर मोठी हॉटेले उभी राहण्याआधी दुक्मचे हॉटेल चक्क पाण्यात होते! १९६६ मध्ये स्कॉटलंडमध्ये बांधलेले 'कुंग्सहोल्म' नावाचे आलिशान प्रवासी जहाज अनेक मालक आणि अनेक नावे बदलत 'व्हेरोनिका' या नावाने २०१० च्या सुमारास इथे आले आणि दोन-तीन वर्षे तरंगते हॉटेल म्हणून गोदीत उभे होते. पुढे ते गुजरातेत अलंगला मोडीत निघाले. नंतर किनाऱ्यावर क्राउन प्लाझा आणि पार्क इन अशी साखळी हॉटेले आली. आजही दुक्ममध्ये 'बार' म्हणजे हॉटेलातला बार. रस्त्यावर पाटी लावलेला स्वतंत्र बार शोधत फिरलात तर पेट्रोल जळेल आणि शेवटी कडक चहा पिऊन घरी याल.

'परमिट रूम'ची सवय सोडा

आपण महाराष्ट्रातले लोक, आपल्याला दारूच्या कायद्याची तशी थट्टाच वाटते. १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा आजही कागदावर आहे. पिणाऱ्याने परवाना बाळगावा असे तो सांगतो, आणि आपल्यापैकी कितीजणांनी तो परवाना डोळ्यांनी पाहिला आहे? 'परमिट रूम' ही पाटी हजार वेळा वाचली, पण परमिट कोणी मागितले नाही. त्यामुळे "कायदा असतो, पण चालतं हो" हे आपल्या अंगात भिनलेले आहे.

ओमानमध्ये असे चालत नाही. इथले नियम थोडके आहेत, पण ते खरोखर पाळले जातात.

हॉटेलातल्या किंवा परवानाधारक रेस्टॉरंटमधल्या बारमध्ये बसून पिण्यासाठी वेगळा परवाना लागत नाही. वय मात्र २१ पूर्ण हवे. (महाराष्ट्रात कडक दारूसाठी २५ आणि सौम्य बिअर-वाइनसाठी २१ असा नियम आहे, हेही किती जणांना ठाऊक असते कोण जाणे!) रेसिडंट कार्ड जवळ ठेवा, दारात मागू शकतात.

घरी ठेवण्यासाठी बाटली विकत घ्यायची असेल तर रॉयल ओमान पोलिसांचा परवाना लागतो. तो मुस्लिमेतर रहिवाशांसाठीच असतो. सुपरमार्केटमध्ये दारू नसते.

सार्वजनिक जागी पिणे किंवा झिंगून फिरणे हा गुन्हा आहे. समुद्रकिनारा, वाळूतला कॅम्प, गाडीची मागची सीट, सगळे यात आले. "इथे कोण बघतंय?" हे वाक्य दुक्मच्या मोकळ्या किनाऱ्यावर फार सुचते. ते वेळीच गिळावे.

आणि दारू पिऊन गाडी चालवणे. यावर पुढे वेगळे लिहिले आहे, कारण सगळे अवघड प्रसंग तिथूनच सुरू होतात.

तारीख बघितली का?

बारमध्ये टेबल आहे का हे विचारण्याआधी भिंतीवरचे कॅलेंडर बघा, आणि नुसते कालनिर्णय नव्हे, हिजरी तारीखही बघा. रमझानचा पूर्ण महिना बार बंद असतात. काही धार्मिक सुट्ट्यांच्या दिवशीही दारू मिळत नाही. यातली एक खोच नव्या माणसाला माहीत नसते. हिजरी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे बंदी सुट्टीच्या आदल्या संध्याकाळीच लागू होऊ शकते. "सुट्टी उद्या आहे ना, मग आज बसू" हा आपला हिशोब इथे चुकतो.

आम्ही एकदा असेच बाराजण नटूनथटून एका हॉटेलात पोचलो. फोन करायची तसदी कोणी घेतली नव्हती. बार बंद, आणि रेस्टॉरंटमध्ये एका मोठ्या कंपनीची मेजवानी. शेवटी बारा जणांनी एका पाकिस्तानी ढाब्यावर दाल-फ्राय आणि गरम रोट्या खाल्ल्या. गंमत म्हणजे त्या रात्रीची आठवण अजून निघते! पण सगळ्यांचे नशीब इतके चांगले नसते, म्हणून निघण्याआधी एक फोन कराच. कुठला बार कधी उघडतो, दुपारी मध्ये बंद असतो का, रात्री शेवटची ऑर्डर किती वाजता घेतात, सगळे विचारा. या गोष्टी वर्षागणिक बदलतात, त्यामुळे आमच्याकडच्या जुन्या माहितीवरही विसंबू नका.

एक गोष्ट मात्र पक्की आहे. इथे शनिवारची रात्र म्हणजे गुरुवारची रात्र. मे २०१३ पासून ओमानमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी असते. साइटवरच्या बऱ्याच मंडळींना फक्त शुक्रवारच मिळतो. त्यामुळे गुरुवारी गर्दी असते आणि टेबल आधी सांगून ठेवणे बरे.

आपल्या गटारीचे काय? तर मंडळी, आषाढी अमावास्या जुलै-ऑगस्टात येते, आणि तेव्हा दुक्मची हवा झकास असते. नैर्ऋत्य वाऱ्यांमुळे समुद्रातले खालचे थंड पाणी वर येते. मस्कत भट्टीसारखे तापलेले असते तेव्हा इथे संध्याकाळी बाहेर बसवते. वारा मात्र इतका असतो की चखण्याचे शेंगदाणे आपोआप शेजारच्या टेबलावर जातात. बाहेरची जागा घेणार असाल तर आडोसा बघून घ्या.

बार निवडण्याआधी सारथी निवडा

आमच्या इतक्या वर्षांच्या अनुभवातून निघालेला हा पहिला नियम आहे. जागा नंतर ठरवा, गाडी कोण चालवणार ते आधी ठरवा.

आमच्या गटात त्याला 'सारथी' म्हणतात. पाळी ठरलेली असते आणि ती वहीत लिहिलेली असते. सारथ्याने घ्यायची नाही म्हणजे नाही, एक बिअरसुद्धा नाही. त्याच्या जेवणाचे आणि सरबताचे पैसे बाकीचे भरतात. आणि सर्वात महत्त्वाचे, त्याला कोणी आग्रह करायचा नाही. "अरे एकाने काय होतं" म्हणणाऱ्याला पुढच्या वेळी सारथी व्हावे लागते. हा दंड लागू केल्यापासून आग्रह करणारे फार कमी झाले आहेत!

एवढा कडकपणा का? तीन कारणे आहेत.

पहिले कारण उंट. दुक्मच्या आसपास रात्री उंट रस्त्यावर असतात, दिव्यात ते शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाहीत. उंटाचे पाय लांब आणि धड उंच असते. गाडी पायांना धडकते आणि काही क्विंटलचे धड थेट समोरच्या काचेवर येते. दोन वर्षांपूर्वी असाच एक उंट आमच्या गाडीपुढे आला. त्या रात्री सारथी होती आमच्यातली एक वहिनी, कधीच न घेणारी. तिने वेग आधीच कमी ठेवलेला होता. गाडी उंटापासून हातभर अंतरावर थांबली. मागे बसलेल्या आम्हा चौघांना ब्रेक लागल्यावर कळले की काहीतरी झाले. त्या वेळी स्टिअरिंगवर आमच्यापैकी कोणी असता तर हा लेख लिहायला आम्ही किती जण उरलो असतो, हा विचार आजही मनातून जात नाही.

दुसरे कारण नोकरी. पकडले गेल्यावर दंड आणि तुरुंग तर आहेच, पण गुन्हा नोंदला गेला की नोकरी आणि व्हिसा दोन्ही धोक्यात येतात. आपला व्हिसा गेला की बायकोचा आणि मुलांचाही जातो. वर्ष अर्धे झालेले असताना मुलांना शाळेतून काढून गावी न्यावे लागते. गृहकर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही.

तिसरे कारण विमा. अपघाताच्या वेळी चालक प्यायलेला असेल तर विमा कंपनी समोरच्याला दिलेली भरपाई त्याच्याकडून वसूल करू शकते. तो आकडा पगारात मावत नाही.

मर्यादा किती, असे विचारूच नका. शून्य समजून चाला. मस्कतमध्ये अॅपवर टॅक्सी मिळते, पण दुक्ममध्ये मध्यरात्री रस्त्यावर उभे राहून टॅक्सी मिळेल या आशेवर राहू नका. सारथी नसेल तर हॉटेलला आधीच गाडीची सोय विचारा, किंवा तिथेच खोली घ्या. चौघांनी खोलीचे भाडे वाटून घेतले तर ते महाग पडत नाही.

बरोबर कोण आहे, त्यावर जागा ठरते

"चांगला बार कोणता?" हा प्रश्न अर्धवट आहे. कोणासाठी चांगला, हे आधी सांगा.

सहकुटुंब जाणार असाल तर बार नको, बार असलेल्या हॉटेलचे रेस्टॉरंट किंवा गच्ची बघा. मुलांना बारमध्ये नेता येत नाही आणि नेऊही नये. रेस्टॉरंटमध्ये ज्यांना हवे त्यांनी एखादा ग्लास घ्यावा, बाकीच्यांनी जेवावे, मुलांनी आइस्क्रीम खावे. आणि जागा ठरवताना बायकांना विचारा, "तुम्हालाही चालेल ना?" एवढ्यावर भागवू नका. आमच्याकडे जागा बायकांनी ठरवायला सुरुवात केल्यापासून जेवण चांगले मिळू लागले आहे, हे इथे नोंदवणे भाग आहे.

फक्त मित्र असतील आणि मॅच बघायची असेल तर मोठा पडदा असलेली जागा हवी. मॅच कुठल्या वाहिनीवर आहे आणि ती वाहिनी त्या बारमध्ये दिसते का, हे फोनवर विचारा. भारत-पाकिस्तान सामना असेल तर शेजारच्या टेबलावर कोण आहे ते बघून ओरडा! हसत-खेळत ओरडलात तर मैत्रीही होते, आमची झाली आहे.

गप्पा मारायच्या असतील तर बँड नसलेली, कोपऱ्यातली, मंद गाण्यांची जागा हवी. नव्याने आलेल्या, घरच्यांची आठवण काढणाऱ्या मित्राला घेऊन जात असाल तर हीच जागा निवडा. कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात माणूस एकटाच पडतो.

आपल्या गटात न घेणारेही असतात. आमच्या गटात रत्नागिरीकडचे दोन मुसलमान मित्र आहेत. ते लेमन-मिंट घेतात आणि गप्पांत सगळ्यांच्या पुढे असतात. अशा वेळी बारपेक्षा रेस्टॉरंट निवडावे, म्हणजे त्यांना अवघडल्यासारखे होत नाही. ओमानी सहकाऱ्याला तर बारमध्ये चलण्याचा आग्रह कधीच करू नका. मैत्री दाखवायला कहवा आणि खजूर पुरेसे आहेत.

आत शिरल्यावर पहिली दहा मिनिटे

जागा पसंत पडली की नाही हे पहिल्या दहा मिनिटांत कळते. आम्ही पुढील गोष्टी बघतो.

मेनूवर किमती छापलेल्या आहेत का? नसतील तर उठावे. किमतीत कर आणि सेवाशुल्क धरलेले आहेत का, हे विचारावे. ओमानमध्ये जून २०१९ पासून दारूवर निवडक वस्तूंचा जादा कर आहे आणि एप्रिल २०२१ पासून पाच टक्के व्हॅट आहे. हॉटेलात एका बिअरला तीन-चार रियाल सहज पडतात. एक रियाल म्हणजे दोनशे रुपयांच्या वर, हा गुणाकार पहिल्या ग्लासाआधी करावा. तिसऱ्यानंतर तो जमत नाही.

माप विचारा. आपल्याकडे 'स्मॉल' म्हणजे ३० मिलि आणि 'लार्ज' म्हणजे ६०. इथे एका मापात किती, ते बारमनला विचारायला लाज वाटू देऊ नका.

'हॅपी अवर' असेल तर तो किती वाजता संपतो ते बघा. स्वस्त मिळते म्हणून तासाभरात चार रिचवणे हा हॅपी अवर नव्हे, तो उद्याच्या डोकेदुखीचा अॅडव्हान्स आहे.

बिल वेगळे हवे असेल तर ते पहिल्या ऑर्डरलाच सांगा. मराठी माणसांची मैत्री दारूने तुटत नाही, बिलाने तुटते.

फोटो जपून काढा. २०११ च्या सायबर कायद्यानुसार दुसऱ्याच्या खासगी आयुष्याचे फोटो त्याच्या संमतीशिवाय काढणे आणि पसरवणे गुन्हा ठरू शकते. मागच्या टेबलावरचे कोणी तुमच्या सेल्फीत आले आणि ते फेसबुकवर गेले, तर त्रास तुम्हालाच.

सकाळच्या पाळीचा हिशोब

हा भाग साइटवर काम करणाऱ्यांनी दोनदा वाचावा. काही प्रकल्पांवर सकाळी गेटवर श्वासाची तपासणी होते. "रात्री घेतली होती, आता उतरली" हे यंत्राला सांगून उपयोग नसतो.

गणित सोपे आहे. ५ टक्क्यांच्या ३३० मिलि बिअरमध्ये साधारण १३ ग्रॅम अल्कोहोल असते. ४० टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ३० मिलिमध्ये साडेनऊ ग्रॅम, ६० मिलिमध्ये १९. वाइनच्या १५० मिलिच्या ग्लासात सुमारे १५. आणि आपले यकृत तासाला सर्वसाधारणपणे ७ ते १० ग्रॅम निकालात काढते. म्हणजे चार बिअर घेतल्या तर ५२ ग्रॅम झाले. तासाला ८ धरले तर साडेसहा तास लागतात. शेवटचा घोट रात्री बाराला असेल तर त्यातले थोडे आधीच निघालेले असते, तरी पहाटे चार-पाचपर्यंत शरीरात काही शिल्लक असू शकते. साडेपाचची बस पकडणाऱ्याने यावर विचार करावा. सहा घेतल्या असतील तर विचार करण्यासारखेही काही उरत नाही.

काळी कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची आंघोळ यांनी माणूस जागा होतो, पण अल्कोहोल लवकर उतरत नाही. त्याला वेळच लागतो. पोटभर जेवून घेतल्याने मात्र चढण्याचा वेग कमी होतो. चखण्यावर भागवू नका, आधी जेवा. दर ग्लासामागे एक ग्लास पाणी प्या.

कॅम्पमधली स्वस्त बाटली : हात लावू नका

हॉटेल महाग पडते, परवाना काढलेला नसतो, आणि कोणीतरी म्हणतो, "माझ्या ओळखीचा एक जण खोलीवर आणून देतो." मंडळी, इथे आम्ही कडक शब्दांत सांगतो, नको.

जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये कुवेतमध्ये तेच झाले. तिथे २३ जणांचा मृत्यू झाल्याचे आरोग्य मंत्रालयाने सांगितले, आणि बाधित झालेले सगळे आशियाई कामगार होते. दोन्हीकडे कारण मिथेनॉल. चवीला आणि वासाला ते नेहमीच्या अल्कोहोलसारखेच असते. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि ते डोळ्यांच्या नसा व मेंदूवर घाला घालते. फसवे असे की त्रास लगेच होत नाही, बारा ते चोवीस तासांनीही सुरू होऊ शकतो. धूसर दिसणे, पोटात कळा, धाप लागणे यांपैकी काहीही झाले तर झोपून राहू नका आणि झोपूही देऊ नका. तडक इस्पितळ गाठा आणि काय प्यायले ते डॉक्टरांना खरे सांगा. पोलिसांच्या भीतीने लपवलेला तासभर डोळे किंवा जीव घेऊन जातो. वेळेवर उपचार मिळाले तर माणूस वाचतो.

मस्कतला गेलात तर

लांब सुट्टी आली की दुक्मकर मस्कतला धावतात. तिथे निवड भरपूर आहे आणि म्हणूनच चुका जास्त होतात. ढोबळ मानाने सांगायचे तर रुवी हा जुना व्यापारी भाग, तिथल्या हॉटेलांत आपल्याकडचे वातावरण आणि हिंदी गाणी मिळतात. कुरुम आणि शाती अल् कुरुमकडे समुद्राजवळची मोठी हॉटेले आहेत, तिथे पब आणि लाउंज अधिक. एका रात्री दोन भाग करू नका. एक भाग निवडा, खोली जवळच घ्या आणि टॅक्सीने फिरा.

गाणाऱ्या मुलींच्या बारबद्दल एक सूचना. काही ठिकाणी गाण्यावर हार किंवा टोकन देण्याची पद्धत असते, आणि ते सगळे बिलात येते. आपल्याकडे २००५ मध्ये डान्सबार बंद झाले, पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, तेव्हा त्या बारांत उधळलेल्या पगारांच्या कहाण्या आपण पेपरात वाचल्याच होत्या. तशा कहाण्या रियालमध्येही होतात, आणि त्या दोनशेने गुणाव्या लागतात.

बसल्या बसल्या सांगायला एक गोष्ट देतो. मस्कतच्या ग्रँड हयातमध्ये 'जॉन बॅरी' नावाचा बार बरीच वर्षे प्रसिद्ध होता. हे नाव एका जहाजाचे. ऑगस्ट १९४४ मध्ये सौदी अरेबियासाठी चांदीचे तीस लाख रियाल घेऊन निघालेले हे अमेरिकी जहाज जर्मन पाणबुडीने ओमानसमोरच्या अरबी समुद्रात बुडवले. पन्नास वर्षांनी, १९९४ मध्ये, अडीच किलोमीटरहून अधिक खोल पाण्यातून त्यातली लाखो नाणी वर काढली. दुक्मच्या किनाऱ्यावर उभे राहून बघतो तोच हा समुद्र!

आणि बारशिवायची रात्र

शेवटी खरे सांगायचे तर दुक्ममधल्या आमच्या उत्तम रात्री बारमधल्या नाहीतच. कोणाच्या तरी घरी पिठलं-भाकरी, किनाऱ्यावरच्या कोळ्यांकडून आणलेला ताजा सुरमई, पेटी-तबला आणि पहाटेपर्यंत गाणी. पिणे हे एक निमित्त असते. खरी भूक सोबतीची असते. जो मित्र दर गुरुवारी नव्हे तर रोज, आणि चारचौघांत नव्हे तर एकटाच घेऊ लागला आहे, त्याला बार सुचवू नका. त्याला घरी जेवायला बोलवा. ही ओळ लिहिताना आमच्या डोळ्यांपुढे एक चेहरा आहे. त्याला आम्ही उशिरा बोलावले.

निघण्याआधी एवढे आठवा : कॅलेंडर पाहिले, हॉटेलला फोन केला, सारथी ठरला, रेसिडंट कार्ड खिशात, रक्कम ठरवून घेतली, उद्याची पाळी किती वाजता ते माहीत आहे. आणि पोलिसांचा आपत्कालीन क्रमांक ९९९९ मोबाइलमध्ये आहे.

हे सगळे झाले की मग निश्चिंत मनाने म्हणा, "चला, बसू या!"